एका कारकुनाचे बंड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. राजापेठेत आमच्या घरापासून चार पावलांवर चहाची एक टपरी आहे. कॉलेज सुटल्यावर मी तिथे टेकतो आणि एखादा विद्यार्थी हटकून भेटतो. त्या दिवशी भेटला तो दर्यापूरकडचा, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. सकाळच्या तासाला आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराविषयी बोलताना मी सहज वासुदेव बळवंत फडके यांच्या आत्मवृत्ताचा उल्लेख केला होता. तो काटा पोराच्या मनात अडकून बसला असावा.

“सर, एक इचारू काय जी?”

“विचार की.”

“लोकाइच्या घरात रात्री घुसून पैसे नेले, तं तो डाकूच झाला ना जी? त्याले आपन आद्य क्रांतिवीर कायले म्हनतो?”

मी पुस्तकी उत्तर दिले. दुष्काळ, परकी सत्ता, सावकारी, स्वराज्यासाठी पैशाची निकड. त्याने मान डोलावली, चहा संपवला आणि उठता उठता म्हणाला, “हे समदं खरं हाय. पन ज्याच्या घरातून नेलं, त्याले इचारलं काय कोनी?”

वाचकहो, वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला विसाव्या वर्षाच्या पोराने असे गप्प केले की रात्री झोप येत नाही. मी पुन्हा वासुदेव बळवंत वाचायला घेतले. हा लेख त्या जागरणाचा आहे.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोण गावी झाला. आजोबा अनंतराव हे कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार. १८१८ साली इंग्रज आले तेव्हा त्यांनी किल्ला झुंजविला होता. नातवाच्या वाट्याला मात्र किल्ला आला नाही, लेखणी आली. थोडे इंग्रजी शिकावे, सरकारी कचेरीत चिकटावे, हा त्या काळच्या ब्राह्मण मुलाचा सरळ रस्ता होता आणि तो त्यांनी धरला. मुंबईस काही नोकऱ्या करून ते पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत आले आणि पंधरा वर्षांच्या आसपास कारकुनी करीत राहिले. ज्या माणसाने पुढे इंग्रजी फौजेला डोंगरोडोंगर हिंडवले, त्याने उमेदीची सारी वर्षे त्याच फौजेच्या जमाखर्चाची बेरीज करण्यात घालवली.

त्यांच्या चरित्रात एक प्रसंग सगळेच चरित्रकार सांगतात. आई शिरढोणला अंथरुणाला खिळली. रजेचा अर्ज केला, रजा वेळेवर मिळाली नाही, आणि ते पोहोचण्याआधी आई गेली. पुढच्या वर्षी तिच्या श्राद्धासाठी मागितलेल्या रजेचेही तेच झाले. मला हा प्रसंग नुसता भावुक वाटत नाही. ज्याने कधी वरिष्ठाच्या टेबलासमोर हातात अर्ज घेऊन ताटकळत उभे राहून पाहिले आहे, त्याला यातला दाह कळेल. तथापि रजा नाकारली म्हणून माणूस राज्य उलथायला निघत नाही. तसे असते तर हिंदुस्थानातली एकही कचेरी शिल्लक राहिली नसती.

राज्य उलथायला निघण्याचे खरे कारण पोटाचे होते, आणि तेही दुसऱ्यांच्या पोटाचे. १८७२-७३ च्या सुमारास पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांची व्याख्याने होत. देशातला पैसा परदेशी कसा वाहून जातो, गावचे कारागीर कसे बसतात, हे ते आकडेवारीने मांडीत. श्रोत्यांत हा लष्करी हिशेबनीस असे. हिशेबाच्या माणसाला हिशेब पटला. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या स्वदेशीचा त्यांनी अंगीकार केला. लक्ष्मण नरहर इंदापूरकर आणि वामन प्रभाकर भावे यांच्या जोडीने त्यांनी पुण्यात शाळा उभारली. आजच्या महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटीचे मूळ त्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनमध्ये आहे. लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत ते शस्त्रविद्या शिकले, दत्ताची उपासना करू लागले, आणि पत्नी गोपिकाबाईंना त्यांनी लिहायला-वाचायला आणि घोड्यावर बसायला शिकवले. त्या काळच्या पुण्यात बायकोला घोड्यावर बसवणे हेही लहानसे बंडच होते.

आणि मग आला १८७६-७७ चा दुष्काळ.

आम्हा वऱ्हाडच्या माणसांना दुष्काळ म्हटले की १८९९-१९०० चा छप्पनचा काळ आठवतो. माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेल्या त्याच्या कथा सांगे आणि शेवटी ताटातले शीत न शीत वेचायला लावी. दख्खनवर आलेला १८७६ चा दुष्काळ त्याच जातीचा होता. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूर, सारा मुलूख होरपळला. या दुष्काळाच्या देखरेखीसाठी कलकत्त्याहून धाडलेला अधिकारी म्हणजे सर रिचर्ड टेंपल. हे नाव आपल्या विदर्भाला नवे नाही. १८६२ ते १८६७ या काळात नागपूरला मध्यप्रांताचा मुख्य आयुक्त म्हणून तो बसला होता. १८७४ साली बिहारच्या दुष्काळात याच टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे जगवली आणि भारंभार खर्च केला म्हणून वरिष्ठांच्या शिव्या खाल्ल्या. तो धडा त्याने असा काही गिरवला की १८७७ साली खडी फोडणाऱ्या मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणून ठेवले. एक पौंड म्हणजे जेमतेम अर्धा शेर. त्यावर वर किरकोळ पैसे आणि अंगावर दिवसभराचे दगडकाम. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी अशा कामावर जायचे नाकारले, आणि सार्वजनिक सभेने सरकारकडे निवेदनांमागून निवेदने धाडली. त्याच वर्षी टेंपलसाहेब बढती मिळून मुंबईचा गव्हर्नर झाला.

वासुदेव बळवंत या मुलखातून हिंडले. त्यांनी काय पाहिले ते त्यांनी लिहून ठेवले आहे. इथे मी एक आयर्लंडची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून ही गोष्ट मला नीट उमगली नसती.

ज्या १८४५ साली शिरढोणला वासुदेव जन्मले, त्याच साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. बटाटा म्हणजे तिथल्या गरिबाची ज्वारी. पुढच्या पाचसहा वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने आणि रोगाने मेली आणि तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच वेळी आयर्लंडातून धान्य बाहेर जात होते. कॉर्क परगण्यातल्या एका पोराचा बाप १८४७ साली त्या दुष्काळात गेला. हा पोरगा म्हणजे जेरेमाया ओ'डोनोव्हन रॉसा. मोठेपणी त्याने किराण्याचे दुकान टाकले आणि १८५६ साली स्किबरीन गावी एक मंडळ काढले. नावाला साहित्य मंडळ; आत शिजत होते प्रजासत्ताकाचे बेत. पुढे तो फेनियन झाला, त्यांच्या वर्तमानपत्राचा व्यवस्थापक झाला, १८६५ साली पकडला गेला आणि जन्मठेप घेऊन इंग्लंडच्या तुरुंगात गेला. तिथे १८६८ साली तुरुंगाधिकाऱ्यावर मोरीचे भांडे फेकल्याबद्दल त्याचे हात पस्तीस दिवस पाठीशी बांधून ठेवले होते. १८६९ साली टिपरेरीच्या मतदारांनी या कैद्याला पार्लमेंटवर निवडून दिले. निवडणूक अर्थातच रद्द झाली. १८७१ साली हद्दपारीच्या अटीवर सुटून तो अमेरिकेस गेला.

शाळा किंवा साहित्य मंडळ, दुष्काळ, बंड, जन्मठेप, परदेश. दोघांची पत्रिका एकाच ज्योतिषाने मांडावी तशी! पण साम्य दाखवून थांबलो तर माझा दर्यापूरचा विद्यार्थी मला सोडणार नाही. म्हणून पुढचेही सांगतो. अमेरिकेत रॉसाने निधी जमवला आणि त्या पैशातून इंग्लंडच्या शहरांत स्फोट झाले. जानेवारी १८८१ मध्ये सॅलफर्डच्या बराकीपाशी झालेल्या स्फोटात सात वर्षांचे एक मूल मेले. त्या मुलाने ना आयर्लंड पाहिले होते, ना दुष्काळ पाडला होता. ‘ज्याचे गेले त्याला विचारले का?’ हा प्रश्न राजापेठेतल्या टपरीवरून निघून असा दूरवर पोहोचतो.

आता पुन्हा सह्याद्रीकडे. वासुदेव बळवंतांनी आधी प्रतिष्ठितांची दारे ठोठावली. पैसेवाल्यांनी हात वर केले. तेव्हा ते रामोश्यांकडे वळले. गडकोटांची राखण करणारी ही जमात राज्य गेल्यावर उघडी पडली होती आणि पोलिसांच्या दप्तरी गुन्हेगार म्हणून चढली होती. दौलतराव नाईक हा त्यांतला मोहरा. फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याजवळच्या लोणी गावी मंडळी जमली आणि २३ फेब्रुवारीच्या रात्री शिरूर तालुक्यातले धामारी गाव लुटले गेले. नंतरच्या आठवड्यांत पुणे, सातारा भागातली आणखी गावे. नेम मुख्यतः सावकारांच्या घरांवर होता. चारच वर्षांपूर्वी, मे १८७५ मध्ये, सुप्याच्या कुणब्यांनी सावकारांच्या दुकानांतील खती-रोखे काढून जाळले होते. त्या राखेत अजून धग होती.

पण वासुदेव बळवंतांचा बेत लुटीपाशी संपत नव्हता. एकाच वेळी अनेक ठिकाणी लहान टोळ्या पाठवायच्या, टपाल अडवायचे, आगगाडी आणि तारायंत्र तोडायचे म्हणजे एका गावची खबर दुसऱ्या गावी जाणार नाही, मग तुरुंग फोडून लांब मुदतीचे कैदी आपल्याकडे ओढायचे, आणि पैसा हाती येताच पगारी फौज उभारायची. हिशेबनिसाचा हा आराखडा आहे हे कोणालाही ओळखू यावे. फक्त जमेची बाजू कधी भरली नाही. साथीदारांना हवी होती लूट. यांना हवे होते राज्य. लूट हाती आली की निम्मी माणसे घराकडे वळत. त्यांचा हा त्रागा त्यांच्या लिखाणात पानोपानी आहे. मला मात्र रामोश्यांना बोल लावणे जड जाते. त्यांच्याही घरी त्या दुष्काळात चूल पेटायची होती.

त्या उन्हाळ्यात ते साऱ्यांना सोडून श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले. तिथे देवापुढे जीव द्यायचा विचार त्यांच्या मनात आला. त्या दिवसांत त्यांनी आपले वृत्त लिहिले, अपयशाबद्दल देशबांधवांची क्षमा मागितली. चौतीस वर्षेही पुरी न झालेला माणूस, अंगात ताप, हाती फौज नाही, पैसा नाही, आणि समोर कागद! जीव मात्र त्यांनी दिला नाही. खाली उतरून ते पुन्हा माणसे जमवू लागले. या खेपेस रोहिले. इस्माइल खान हा त्यांचा म्होरक्या.

इकडे मे महिन्यात दौलतरावाने कोकणात उतरून पनवेलजवळची पळस्पे आणि चिखली ही गावे लुटली आणि लूट घेऊन घाट चढताना मेजर डॅनियलच्या सैनिकांशी झालेल्या चकमकीत तो पडला. १३ मेच्या रात्री पुण्यातले बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटले. पुण्याने एकच निष्कर्ष काढला: वासुदेव बळवंत आला! वास्तविक ते तेव्हा दूर दक्षिणेत होते. आग लावणारा निघाला सरकारी पुस्तक डेपोतला एक कर्मचारी, आडनावाने रानडे. आणि त्या आडनावाने सरकारचे डोळे भलतीकडेच वळले. न्यायमूर्ती रानड्यांना धुळ्यास हलवले आणि त्यांचे टपाल फोडून पाहिले जाऊ लागले. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत हे सारे आले आहे. व्याख्यानातल्या आकड्यांनी एका श्रोत्याला डोंगरात धाडले, आणि त्याचा त्रास सनदशीर मार्गाच्या त्या व्याख्यात्याला भोगावा लागला.

दरम्यान सरकारने वासुदेव बळवंतांना पकडण्यासाठी बक्षीस लावले, तर त्यांच्या जाहीरनाम्याने उलट गव्हर्नराच्या डोक्यावर बक्षीस लावले. तोच तो अर्ध्या शेराचा टेंपल! दूरच्या लंडनच्या ‘टाइम्स’लाही या बंडाची दखल घ्यावी लागली.

डॅनियल पाठलाग करीत निजामच्या हद्दीत घुसला. निजामचा पोलीस अधिकारी अब्दुल हक त्याच्या दिमतीला होता. आपण वऱ्हाडचे लोक हे संबंध चांगले ओळखतो. १८५३ पासून आपला मुलूख कागदावर निजामाचा आणि कारभाराला इंग्रजांचा. सही एकाची आणि शिक्का दुसऱ्याचा. २० जुलै १८७९ च्या मध्यरात्रीनंतर कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी गावी, एका देवळात तापाने फणफणून झोपलेल्या वासुदेव बळवंतांना पकडले. तलवार उशाशी होती, म्हणतात. उचलायला सवड मिळाली नाही.

खटला पुण्यास चालला. वकीलपत्र घ्यायला कोणी धजेना, तेव्हा सार्वजनिक काका उभे राहिले. राजद्रोह, राजाविरुद्ध युद्धाची जमवाजमव, दरोडे, असे आरोप होते. आणि सर्वांत भारी पुरावा होता आरोपीने स्वतःच्या हाताने लिहिलेला. ७ नोव्हेंबर १८७९ रोजी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या उच्च न्यायालयात महादेव चिमणाजी आपट्यांनी बाजू मांडली, पण शिक्षा कायम राहिली. अंदमानात १८५७ चे कैदी होते. तिथे हा निखारा नको म्हणून त्यांना एडनला धाडले. एडन तेव्हा मुंबई सरकारच्याच ताब्यात होते.

एडनच्या तुरुंगातून एका रात्री ते निसटले. कोठडीचे दार त्यांनी बिजागऱ्यांवरून उखडले. पण त्या उजाड खडकाळ मुलखात परका माणूस लपणार कुठे? काही मैलांवर, काही तासांत, ते पुन्हा पकडले गेले. पुढे शरीर झिजत गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांनी तिथेच देह ठेवला. वय सदतीस. गोपिकाबाई इकडे त्यांच्यामागे कित्येक वर्षे जगल्या.

रॉसा २९ जून १९१५ रोजी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर म्हातारा होऊन मेला. त्याच्या लोकांनी त्याचे प्रेत समुद्रापार डब्लिनला आणले, १ ऑगस्टला ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत हजारोंच्या साक्षीने पुरले, आणि कबरीशी पॅट्रिक पियर्सने केलेले भाषण पुढच्याच वर्षीच्या ईस्टरच्या उठावाची नांदी ठरले. एडनच्या कैद्याच्या वाट्याला मिरवणूक आली नाही, भाषण आले नाही. आपल्याकडे आठवण उशिरा जागी झाली. वि. श्री. जोश्यांनी चिकाटीने चरित्र लिहिले. पुण्यात संगमापाशी आणि शिरढोणला स्मारके झाली, मुंबईत मेट्रो सिनेमापुढच्या चौकाला नाव मिळाले, १९८४ साली टपालाचे तिकीट निघाले. आमच्या अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांनी ‘रणदुंदुभी’ लिहून रंगभूमीवरून स्वातंत्र्याची हाक दिली. अशा नाटककाराच्या हाती हे आयुष्य पडले असते तर, असे मला राहून राहून वाटते.

१९५७ साली मुंबई सरकारने स्वातंत्र्य चळवळीच्या साधनांचा पहिला खंड छापला. त्यात वासुदेव बळवंतांचे आत्मवृत्त आहे, पण ते इंग्रजीत, सरकारी कामासाठी उतरवलेले. आमच्या ग्रंथालयातली प्रत मी त्या विद्यार्थ्याच्या हाती ठेवली. आठ दिवसांनी तो घरी आला. चेहऱ्यावर वाद घालायची खुमखुमी होती.

“सर, तो सोताच लिवते की मी लुटलं म्हून. लपवत नाही.”

“मग? तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले?”

“न्हाई जी. ज्याचं नेलं त्याचं कोनी लिवलंच न्हाई ना.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “पन हे तं इंग्रजी हाय. तो तं मराठीत लिवत होता. त्याचा शब्द कोनता होता?”

मराठीच्या प्राध्यापकाने विचारायचा प्रश्न पोराने विचारला! तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही राजापेठेतल्या माझ्या खोलीत बसतो आणि ते इंग्रजी उलटे मराठीत आणतो. तो कच्चा मसुदा करतो, मी काना-मात्रा पाहतो. कोकणात जन्मलेल्या, पुण्यात राहिलेल्या, दीडशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची मराठी कशी असेल, यावर तासन् तास घालवतो. गेल्या शनिवारी एका वाक्याशी अडलो. लूट लिहायचे, दरोडा लिहायचे, की बंड? सरकारी भाषांतरकाराने शब्द निवडला तो खटल्याच्या सोयीने. आपण निवडू तो आपल्या सोयीने.

पोराने वहीत तेवढी जागा कोरी सोडली आणि पुढचे वाक्य वाचायला घेतले.